पोच

मराठी भाषेत 'पोच' हा मोठा सोयीचा शब्द आहे. पूर्वी मनीऑर्डर मिळाली की तिची पोच यायची. म्हणजे पलीकडच्या माणसाच्या हाती पैसे पडले, असे सांगणारा सहीचा किंवा अंगठ्याचा कागद. आणि चार पाहुण्यांदेखत यजमानाच्या टकलावर विनोद करणारा गृहस्थ उठून गेला की घरातली मोठी माणसे म्हणत, "याला काडीची पोच नाही." एकाच शब्दात पावतीही बसवली आणि अक्कलही बसवली. ज्या कुणी पूर्वजाने हे केले त्याला पुढे व्हॉट्सॲप येणार याची स्वप्ने पडत असावीत. कारण पहिल्या अर्थाची पोच हल्ली यंत्रच देते. एक खूण उमटली की निरोप निघाला, दोन उमटल्या की पोचला, आणि नोव्हेंबर २०१४ पासून त्या दोन खुणा निळ्या झाल्या की समोरच्याने उघडलासुद्धा. दुसऱ्या अर्थाची पोच मात्र अजून ज्याची त्यालाच घरून आणावी लागते, आणि पुष्कळ लोक ती आणायला विसरतात.

मी हे बोरीत बसून लिहितो आहे. बोरी म्हटले की पुण्या-मुंबईची माणसे "बोरिवली का?" असे विचारतात. बोरिवली नव्हे. परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागावे, झरी मागे टाकावी, की बोरी येते. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. 'जगात जर्मनी, देशात परभणी' ही म्हण आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. जर्मनीत ती कितपत माहीत आहे याची चौकशी अजून कुणी केलेली नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की कापूस, तूर, सोयाबीन आणि ऊन हे सगळे जसे इथे भरपूर पिकते, तसे हल्ली निरोपही भरपूर पिकतात. बियाणे फुकट, पाणी लागत नाही आणि बारमाही पीक.

निरोपाची पद्धत आमच्याकडे पूर्वीही होती. दवंडी होती. हलगी वाजली की माणसे हातातले काम टाकून ओट्यावर येत. दवंडीवाला कुणाचा हुकूम आहे ते सांगे, मग कधी, कुठे आणि काय घेऊन यायचे तेही सांगे, आणि पुढच्या आळीला जाई. एकाच दारापुढे तीच दवंडी त्याने सतरा वेळा दिली नाही. पहाटे साडेपाचला येऊन कडाडून हलगी वाजवावी, लोक डोळे चोळत बाहेर आले की "शुभ सकाळ" एवढेच बोलून निघून जावे, असे त्याने एकदा जरी केले असते तरी दुसऱ्या दिवशी हलगी एकीकडे आणि दवंडीवाला दुसरीकडे सापडला असता.

मग टपाल. ब्रिटिश हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली निघाले. आमच्याकडे तेव्हा निझामाचे राज्य होते आणि टपालही निझामाचेच. पण राज्य कुणाचेही असो, पत्राचा रिवाज एकच. माथ्यावर श्री. उजव्या कोपऱ्यात मुक्काम पोस्ट आणि दिनांक. मग 'तीर्थरूप', 'शिरसाष्टांग नमस्कार', 'विनंती विशेष'. शेवटी 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' आणि 'कळावे, लोभ असावा'. एवढे सगळे झाले की मधे जी दोन बोटे जागा उरे तिच्यात खरा मजकूर, आणि तो बहुधा पैशांविषयी असे. यात ढोंग नव्हते असे मी म्हणणार नाही. ज्या काकांना पुतण्या शिरसाष्टांग नमस्कार लिहीत असे, त्यांच्याविरुद्ध जिंतूरच्या कोर्टात त्याचीच बांधाची केस चालू असे. पण केस चालू असतानाही नमस्कार चुकत नसे, आणि उद्या तडजोड करायची वेळ आली तर त्या नमस्काराला धरून करता येई.

तारेची तऱ्हा वेगळी. तिथे शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे मोठमोठे बोलघेवडे तार करताना ऋषी होत. लग्नाकार्याला शुभेच्छा पाठवण्यासाठी तारखात्याने ठरीव मजकूर करून त्यांना क्रमांक दिलेले होते. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडे वाक्य उमटायचे. म्हणजे दुसऱ्याचे तयार वाक्य आपल्या नावाने पाठवण्याचा शोध व्हॉट्सॲपने लावलेला नाही. फरक इतकाच, की त्यासाठी तार ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहावे लागे आणि खिशात हात घालावा लागे. १४ जुलै २०१३ ला ही तार शेवटची घेतली गेली. त्या दिवशी ज्यांनी जन्मात तार केली नव्हती तेही आठवण म्हणून तार करायला रांगेत उभे होते. जिवंतपणी विचारले नाही आणि तेराव्याला पंगतीत पुढे, ही आपली रीत आपण तारेच्या बाबतीतही पाळली.

हे सगळे पाहिले की माझ्या मनात एक दुष्ट शंका येते. आपल्या वाडवडिलांचा शिष्टाचार म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, तो निम्मा तरी काटकसर असावा. कार्डाला पैसे पडत, तारेला शब्द पडत, सांगावा धाडायचा तर गडी अडकून पडे. म्हणून माणसे जपून बोलत. निरोप फुकट झाल्याबरोबर आपला खरा स्वभाव बाहेर आला. तेव्हा व्हॉट्सॲपने आपल्याला बिघडवले असे कुणी म्हणू नये. त्याने आपल्याला फक्त सवलत दिली.

या फुकट वाङ्मयाची समीक्षा अजून कुणी मनावर घेतलेली नाही. कवितेवर प्रबंध होतात, नाटकावर परिसंवाद होतात, पण रोज पहाटे कोट्यवधी वाचकांच्या हाती पडणाऱ्या 'सुप्रभात' या प्रकाराकडे प्राध्यापक वर्ग ढुंकून पाहत नाही. वास्तविक याची घाट, आशय, प्रतिमासृष्टी सगळी ठरलेली आहे. एक गुलाब. त्यावर दव. मागे उगवता सूर्य. पुढे चहाचा कप, ज्यातून सूर्यापेक्षा जास्त वाफ निघते. आणि मधे जीवनाविषयीचे एक वाक्य. ते वाक्य असे असते की उलटे वाचले तरी तितकेच खरे वाटते. 'माणसे जोडा, पैसा आपोआप येईल' हे सोमवारी येते आणि 'पैसा असेल तरच माणसे येतात' हे मंगळवारी येते. पाठवणारा एकच असतो. दोन्हींच्या खाली हात जोडलेले असतात.

लेखकाचे नाव हा तर आणखी गमतीचा भाग. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ला गेले. व. पु. काळे २६ जून २००१ ला गेले. व्हॉट्सॲप निघाले २००९ साली. तरीही या दोघांच्या नावावर जितके नवे लेखन गेल्या काही वर्षांत माझ्या फोनवर प्रसिद्ध झाले आहे, तितके त्यांनी हयातीत केले असते तर त्यांना जेवायलाही सवड मिळाली नसती. शैली मात्र दोघांची एकच झालेली दिसते, आणि शुद्धलेखन दोघांचेही बिघडले आहे.

भारतातल्या लोकांचे फोन इतक्या लवकर भरून बंद का पडतात, असा प्रश्न गूगलच्या संशोधकांना पडला होता. त्याचे उत्तर २०१८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांतून छापून आले. एक मोठे कारण म्हणजे ही सकाळची चित्रे. मग ती शोधून काढून टाकण्याची सोय त्यांनी करून दिली. म्हणजे इकडे आम्ही प्रेमाने गुलाब पाठवायचे आणि तिकडे यंत्राने ते झाडून काढायचे. आमच्या नात्यातले एक आजोबा मात्र हे चित्र रोज पाठवतात आणि मी त्यांना कधी बोलत नाही. ते एकटे राहतात. त्यांचा गुलाब आला म्हणजे आजोबा उठले, हे चार घरांना कळते. एखाद्या दिवशी आठपर्यंत गुलाब आला नाही तर त्यांच्या घराची कडी वाजवायला कुणीतरी जाते. तेव्हा गुलाबातही फरक असतो. वाईट तो, जो दोनशे जणांना एका बोटाने जातो आणि ज्याच्या मागे कुणीही उठलेले नसते.

दुसरा प्रकार 'हाय'चा. पुण्यात नोकरी करणारा भाचा भर दुपारी लिहितो, 'हाय मामा'. बस. पुढे काही नाही. इकडे मामा सोयाबीनवर फवारणी करत असतो. पाठीवर पंप, हाताला औषध. फोन टुणकन वाजतो. न जाणो, कुणाचे काय झाले असेल, म्हणून बिचारा पंप उतरवतो, बांधावर येतो, हात धुतो, खिशातून चष्मा काढतो आणि वाचतो, 'हाय मामा'. तो लिहितो, 'बोल'. पाच मिनिटे शांतता. मग येते, 'काय करायलाव?' पोस्टकार्डावर नुसते 'श्री' लिहून पाठवायचे, मग त्याला उत्तर आले की दुसऱ्या कार्डावर 'तीर्थरूप' लिहायचे, असे कुणी केले असते तर त्याला हैदराबादला नेऊन डॉक्टरला दाखवले असते. जे काम आहे ते नमस्काराच्याच पाठीवर सांगून टाकावे. मामाचा अर्धा एकर वाचतो.

बोललेला निरोप हे याचे उलटे टोक. लिहायचा कंटाळा म्हणून माणसे फोनच्या कानात बोलतात आणि ते बोलणे पाठवून देतात. चालेल. पण सात मिनिटे? त्यातली पहिली दीड मिनिटे "हां, म्हटलं, काय नाही, असंच आपलं" यात जातात, मधे एक ट्रक जातो, मग बोलणारा बायकोशी मिठाविषयी बोलतो, आणि मुद्दा असतो सहाव्या मिनिटाला. 'उद्या येऊ नका' एवढाच. ऐकणाऱ्याने तो बहुधा एस. टी. त भरल्या गाडीत लावलेला असतो, त्यामुळे आपण उद्या येऊ नये हे साऱ्या गाडीला कळते.

आता लग्नाची पत्रिका. आमच्याकडे पहिली पत्रिका देवाला, मग घरोघर जाऊन हातावर अक्षता द्यायच्या आणि "समदे मिळून या" म्हणायचे, ही रीत. हल्ली पत्रिका फोनवर येते आणि तिच्याखाली एक वाक्य असते, 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'. यातला 'समजावे' हा शब्द बघण्यासारखा आहे. आग्रह आम्ही केलेला नाही, तुम्ही तो झाला असे समजून घ्यावे. एका घरचे असे निमंत्रण एका मामांना गेले. मामा लग्नाला आले नाहीत. नंतर वरपिता म्हणाला, "मामा, पत्रिका तर पोचली होती. निळ्या खुणा दिसल्या मला." मामा शांतपणे म्हणाले, "व्हय, पत्रिका पोचली. तुम्ही नाही पोचलाव." यावर वरपित्याला काही सुचले नाही.

आणि वरपित्याचे कायद्याने बरोबरही असेल. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. नोटीस घ्यायला टाळणाऱ्या माणसाला ती व्हॉट्सॲपवर पाठवली. खुणांवरून ती पोचली आणि त्याने उघडूनही पाहिली हे दिसते, म्हणून नोटीस बजावली गेली, असे न्यायालयाने मानले. तेव्हा निळ्या खुणेने नोटीस लागू होते. पण मामा म्हणजे काही कर्जदार नव्हे आणि पत्रिका म्हणजे नोटीस नव्हे, हे ज्याला समजते त्याला आमच्याकडे पोच आहे असे म्हणतात.

ग्रुप हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पूर्वी दुसऱ्याच्या ओसरीवर जायचे तर आधी खाकरून जात. ग्रुपात मात्र माणसाला झोपेतल्या झोपेत उचलून नेऊन बसवत. न विचारता कुणी आपल्याला ग्रुपात घालू नये अशी कडी लावायची सोय २०१९ मध्ये झाली. बाहेर पडणे त्याहून अवघड. 'अमुक बाहेर पडले' अशी दवंडी साऱ्या ग्रुपाला व्हायची आणि मग "कामून गेले हो? कुणी काही बोललं का?" अशी चौकशी आठवडाभर चाले. मुकाट्याने उठून जाण्याची परवानगी मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. ग्रुपाचा जो अ‍ॅडमिन, त्याच्या चेहऱ्यावर पोलीस पाटलाची कळा असते. प्रत्यक्षात दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगून टाकले. ते ऐकल्यापासून आमचे अ‍ॅडमिन थोडे उदास आहेत.

इथवर हसण्यावारी नेता येते. पण एक दिवस गावच्या ग्रुपावर पहाटे पाच वाजता एका बाईंच्या निधनाची बातमी आली. लगोलग 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. एकाने अंगठा उचलून दाखवला. एका निवृत्त गुरुजींनी 'दुखद नव्हे, दुःखद, विसर्ग द्यावा' अशी दुरुस्ती केली. मधेच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला, आणि त्याच्याखालीही एकाने भरघाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिली. हेही एक वेळ राहू द्या. पण त्या बाईंची लेक पुण्याला असते आणि तीही त्या ग्रुपात होती. भावाचा फोन लागायच्या आधी तिने आपली आई गेल्याचे तिथे वाचले, गुलाब आणि केक यांच्या मधे.

जुन्या काळी मयताचा सांगावा घेऊन जाणारा माणूस सरळ खोटे बोलत असे. "माय जरा जास्त आहे, निघा," एवढेच तो म्हणे. ऐकणाऱ्याला कळायचे ते कळे. पण रस्ताभर तो 'जरा जास्त' हा शब्द तिला सोबत करी, आणि उरलेले घरी, माणसांच्या घोळक्यात, कुणाच्या तरी खांद्यावर डोके असताना कळे. पत्राने कळवायचे तर त्याचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे उघडण्यापूर्वी वाचणाऱ्याने खाली बसून घ्यावे. अशिक्षित म्हणून ज्यांना आपण हिणवले त्या माणसांनी एवढा विचार करून ठेवला होता. 'कुणाला आधी कळायला हवे' हा तो विचार. बातमी आपल्याला कळली म्हणून ती सांगण्याचा हक्क आपल्याला मिळाला, असे नव्हे. आधी लेकीला, लेकाला, भावाला. मग गावाला.

पत्राला डोके होते आणि शेपूट होते. डोक्यावर गाव आणि तारीख, शेपटाला सही. कुठून, केव्हा, कोण. फॉरवर्ड केलेल्या निरोपाला दोन्ही नसतात, नुसते धड असते. म्हणून 'तातडीने रक्त पाहिजे' हा निरोप रोगी बरा होऊन कापूस वेचायला लागला तरी फिरत राहतो. आणि खाली एक वाक्य असते, 'आले तसे पाठवले'. मराठीतले सगळ्यात बेजबाबदार वाक्य कोणते असे मला कुणी विचारले तर मी हे सांगेन. दवंडीवाला असे म्हणू शकत नव्हता. त्याला कुणाचा हुकूम ते सांगावे लागे, आणि दवंडी खोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने तोंड घेऊन जावे लागे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण पोटासाठी फिरत तिथे आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा निरोप त्यांच्या आधीच लोकांच्या फोनवर पोचलेला होता. त्याला गाव नव्हते, तारीख नव्हती, सही नव्हती. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. ज्यांनी तो निरोप पुढे ढकलला, त्यांतल्या कितीतरी जणांनी मुलांच्या काळजीपोटीच ढकलला असेल. प्रत्येकाने फक्त बोट टेकवले होते.

त्याच महिन्यात फॉरवर्ड केलेल्या निरोपावर तसा शिक्का येऊ लागला आणि भारतात तो एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. फार हिंडून आलेला निरोप तर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. आपल्याला जे आजीने शिकवले होते, ऐकीव गोष्ट गावभर करू नये, ते अमेरिकेतल्या कंपनीला यंत्रात घालून आपल्याला शिकवावे लागले. पण यंत्राने फार तर वेग कमी होतो. पाच जणांना का होईना पाठवायचे की नाही, हे ठरवणारे बोट आपलेच राहते.

म्हणून मी नियमांची यादी करत बसत नाही. नियम शहरातली माणसे करतात आणि ग्रुपावर टाकतात, आणि ते कुणी वाचत नाही. माझे म्हणणे एवढेच, की बोट टेकवण्यापूर्वी क्षणभर असे समजावे की आपण हलगी घेऊन त्या माणसाच्या दारात उभे आहोत. तो बाहेर येईल, आपले तोंड बघेल. आता जे सांगायचे आहे ते आपण आपल्या तोंडाने, आपल्या नावाने सांगणार आहोत का? सांगणार असलो तर खुशाल वाजवावी. नाही तर हलगी काखेत मारून घरी जावे.

ता. क. : हा लेख कुणाला आवडला तर पुढे पाठवायला माझी हरकत नाही. फक्त खाली माझे नाव राहू द्यावे. तुमच्या मेहनतीने तो आठ दिवसांत व. पुं. च्या नावाने, गुलाबासकट, माझ्याच फोनवर परत येईल, आणि वर 'नक्की वाचा, डोळ्यांत पाणी येईल' असे लिहिलेले असेल.

कळावे, लोभ असावा.